चार भोकांचा कार्बन

३ फेब्रुवारी

भुश्या,

पत्र फाडू नकोस. हे कामाचं पत्र आहे. कामाचं पत्र पूर्ण वाचल्याशिवाय बाजूला ठेवायचं नाही असं बाबांनी आपल्याला शिकवलंय, आणि त्यांचं तू ऐकायचास. माझं कधीच नाही, ते सोड.

मला स्प्रिंगा हव्या आहेत. तीनशे साठ. मापं वेगळ्या कागदावर काढून सोबत ठेवली आहेत. तू स्प्रिंगांच्या कारखान्यात तार वळवतोस आणि तुझ्या हाताखाली आता सहा माणसं आहेत, हे मला आपल्या जुन्या पॉलिशवाल्याने सांगितलं. पत्ताही त्याच्याकडूनच काढला. त्याच्यावर चिडू नकोस, बिचारा तीन दिवस तोंड मिटून होता, पण मी पिच्छा सोडला नाही.

तर झालं असं. गेल्या महिन्यात एक विज्ञानाच्या बाई वर्कशॉपमध्ये आल्या. चष्मा डोक्यावर, हातात पिशवी, आणि आल्या आल्या विचारतात, “तुम्ही लाकडाचे अणू करून द्याल का?” मी म्हटलं, बाई, मी खुर्चीचे पाय करते, कपाटाच्या मुठी करते, मोजायच्या पाटीचे मणी करते, अणू कधी केला नाही, पण लाकडाचा असेल तर होईल. साठ शाळांना साठ पेट्या द्यायच्या आहेत. पेटीत चेंडू आणि काड्या. काळा चेंडू कार्बन, त्याला चार भोकं. निळा नायट्रोजन, तीन भोकं. लाल ऑक्सिजन, दोन. पांढरा हायड्रोजन लहान, त्याला एकच. मुलांनी काड्या घालून ते जोडायचे आणि पाणी कसं होतं, गॅस कसा होतो ते बघायचं.

मी लागले कामाला. आता ऐक तुझ्या बहिणीची अक्कल. वीस वर्षं मणी करून करून भोक म्हटलं की माझ्या डोक्यात ते आरपारच. एक आरपार, त्याच्यावर आडवं दुसरं आरपार, झाली चार भोकं! सातशे वीस कार्बन मी असे पाडले, घासले, चकचकीत केले. बाई आल्या, एक उचलला, चार काड्या खोचल्या आणि टेबलावर ठेवला. तो सपाट पडला, बेरजेच्या खुणेसारखा. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ताई, हा कार्बन झोपलाय.”

सातशे वीस झोपलेले कार्बन! मी कपाळाला हात लावला. ऑक्सिजनही तसाच, मण्यासारखा सरळ आरपार. म्हणजे पाणीसुद्धा मी काठीसारखं ताठ करून ठेवलं होतं. पाणी वाकडं असतं, तुला माहीत होतं? मला नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षं पितेय.

तर आता सगळं नव्याने. पंधरा मार्चपर्यंत पेट्या द्यायच्या आहेत. आणि स्प्रिंगा अशासाठी, की कधीकधी दोन कार्बन एकमेकांना एका नाही तर दोन काड्यांनी जोडावे लागतात. भोकं दोन दिशांना तोंड करून असतात, सरळ काडी एकातून दुसऱ्यात जात नाही. तिथे वाकणारं आणि तरीही घट्ट धरणारं काहीतरी हवं. बाई म्हणाल्या, स्प्रिंग. आणि मला लगेच तू आठवलास.

खरं सांगू? इथे दोन गल्ल्या पलीकडे एकजण स्प्रिंगा करून देतो. मला त्याच्या नकोत. मला तुझ्या हव्यात. नऊ वर्षांत तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस आणि मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि ते सुरू करायला मला याहून बरं निमित्त सापडलं नाही.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ अजिबात नाही. जे झालं त्याबद्दल मी काही लिहीत नाही, त्यात आता काय आहे. स्प्रिंगांचं तेवढं बघ.

ताई


११ फेब्रुवारी

भुश्या,

उत्तर नाही. नको देऊस. पण मी लिहिणार, कारण हे सगळं सांगायचं कुणाला? आईला सांगायला जाते तर ती म्हणते, आधी जेव.

अरे, कार्बन म्हणजे तिपाई आहे! आपली तीन पायांची तिपाई! बाईंनी दुसऱ्या दिवशी चार फुगे आणले, तोंडं एकत्र बांधली आणि सोडून दिले. फुगे सपाट बसतच नाहीत. प्रत्येकाला बाकीच्या तिघांपासून जमेल तेवढं लांब जायचं असतं, म्हणून एक वर जातो आणि तीन खाली फाकतात. मी बघतच राहिले. मग धावत माळ्यावर गेले आणि बाबांचा तिपाईच्या पायांची भोकं तिरकी पाडायचा तो उतरता ठोकळा काढला. थोडा तासला, कोन एकशे नऊ अंशांवर आणला. आता चेंडूला पहिलं भोक सरळ पाडायचं, त्या भोकात ठोकळ्याची खुंटी घालून चेंडू तिरका बसवायचा, दुसरं भोक. मग चेंडू खुंटीवर एक तृतीयांश फिरवायचा, तिसरं. पुन्हा फिरवायचा, चौथं. पहिला कार्बन असा केला, काड्या घातल्या आणि टेबलावर ठेवला. तीन पायांवर उभा राहिला रे! चौथी काडी वर! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरचा चष्म्याच्या दुकानातला माणूस पळत आला.

पण खरी गंमत काड्यांची आहे. मला वाटायचं काडी म्हणजे खिळा, दोन अणू ठोकून बसवलेले. बाई म्हणाल्या, काडी अशी वस्तूच नाही. अणूच्या मधे गाभा, आणि त्याच्या भोवती थराथरांनी इलेक्ट्रॉन. बाहेरच्या थरात आठ झाले की अणू निवांत. हायड्रोजन चिमुकला, त्याला दोनच पुरतात, पण त्याच्याकडे असतो एक. कार्बनकडे असतात चार. आता चार देऊन टाकायचे म्हटलं तर जीवावर येतं, आणि आणखी चार कुणाकडून ओढून घ्यायचे तर तेवढी ताकद नाही. मग तो शेजाऱ्याला म्हणतो, माझा एक, तुझा एक, दोन्ही मधे ठेवू. ती मधली जोडी म्हणजे आपली काडी. कार्बन चार शेजाऱ्यांशी असं करतो, आणि झाले त्याचे आठ.

मी म्हटलं, थांबा बाई. म्हणजे मोजताना तेच दोन कार्बनही आपले म्हणून मोजतो आणि हायड्रोजनही आपले म्हणून मोजतो? ही तर चक्क लबाडी! बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा भुशात पडला. म्हणाल्या, “लबाडी नाही हो ताई. ते खरंच दोघांचे असतात. एकाच वेळी.” मिठात तसं नसतं म्हणे. तिथे एकजण आपला इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, दुसरा घेतो, आणि मग ते एकमेकांना चिकटून बसतात. पण पाणी, साखर, हे लाकूड, आपलं अंग, सगळं या मधल्या जोड्यांवर उभं आहे. दोन्ही बाजूंचे गाभे त्या मधल्या दोघांकडे ओढले जातात, म्हणून सुटत नाहीत. फार जवळ आले तर गाभे एकमेकांना ढकलतात, लांब गेले तर मधली जोडी ओढते. एक नेमकं अंतर असतं, तिथे थोडे थरथरत राहतात. याला सहसंयुज बंध म्हणतात. मी तो शब्द खडूने लेथच्या मागच्या भिंतीवर लिहून ठेवलाय.

आई रंग देते. तिला एका जागी बसून करायचं काम हवंच होतं. चेंडू काडीवर टोचून काळ्या रंगात फिरवते आणि वाळत ठेवते. बोटं कोळशासारखी झाली आहेत आणि खूश आहे.

काल मात्र एक झालं. मी मोटर लावायच्या आधी नेहमीसारखी “हात?” म्हणून ओरडले आणि मीच “वर!” म्हटलं. सवय जात नाही. बाई तिथे होत्या, त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं की पूर्वी एका मोटरवर पट्ट्याने दोन लेथ चालायचे, बटण दाबलं की दोन्ही फिरायचे, म्हणून दाबणाऱ्याने “हात?” विचारायचं आणि दुसऱ्याने “वर!” म्हटल्याशिवाय बोट लावायचं नाही. ही हाक म्हणजे बाबांचा नियम. बाईंनी सहज विचारलं, “कधी चुकलं नाही?” मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “एकदा. माझ्या मुलाचं लक्ष नव्हतं. हिने विचारलं, त्याने ‘वर’ म्हटलं, आणि हात पट्ट्यातच होता. दोन बोटं गेली. आणि वर बहिणीवरच आळ घेतला.”

मी लेथ चालू केला. आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

तारेचं माप मी बहुतेक जाड लिहिलंय, अर्ध्या सुताने कमी कर.

ताई


१९ फेब्रुवारी

भुश्या! आली! तुझी स्प्रिंग आली!

एकच पाठवलीस, नमुना म्हणून, पण काय वळवली आहेस रे. मी दाराशीच पाकीट फाडलं. दोन उभे कार्बन घेतले, एका काडीच्या जागी तुझी स्प्रिंग लावली आणि ती एका भोकातून निघून वळून दुसऱ्यात जाऊन अशी बसली की चेंडू उलटा धरून झटकला तरी पडेना. एकच असल्यामुळे दुसऱ्या बाजूला मी आईच्या जुन्या छत्रीची तार वाकवून घातली. माझा पहिला दुहेरी बंध, अर्धा तुझा आणि अर्धा छत्रीचा.

मग उरलेल्या भोकांत चार पांढरे हायड्रोजन. हे इथिलीन. फळं पिकवणारा वायू म्हणे. आणि आता बघ, एका काडीने जोडलेले दोन कार्बन एकमेकांभोवती गरागरा फिरतात, मी फिरवून बघितले. दोन जोड्या मधे आल्या की फिरणं बंद! पिरगळायला गेलं की स्प्रिंगा ओरडतात. बाईंना फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगदी बरोबर, खऱ्या अणूंतही तसंच. मी म्हटलं, बाई, मला कुणी शिकवलं नाही, मला हाताला कळलं! मी शाळेत हे शिकले असते तर काय झालं असतं कोण जाणे. बहुतेक नापासच झाले असते, कारण तेव्हा कुणी चेंडू दिले नव्हते.

दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडायलाही दोन स्प्रिंगा लागणार. तो आपण श्वासात घेतो तो. आणि दोन नायट्रोजनना तीन. तीन जोड्या मधे! हवेत तो सगळ्यात जास्त असतो आणि कुणाच्या वाटेला जात नाही, कारण त्याला सोडवणं महाकठीण. बाई म्हणाल्या, अणू जुळतात तेव्हा ऊर्जा बाहेर पडते आणि तोडायचे झाले तर तेवढीच बाहेरून घालावी लागते. मी आजवर उलटं समजत होते. मला वाटायचं जोडायला कष्ट आणि तुटायला काहीच नाही.

नमुना पास. तीनशे साठ कर. बाहेरचा व्यास आहे तोच ठेव, टोकं मात्र किंचित आत दाबून घे, आईने हातात घेऊन बघितली तर बोटाला लागलं.

आज चाळीस कार्बन झाले. उद्या पन्नास करायचे आहेत.

स्प्रिंगेबरोबरची चिठ्ठीही मिळाली. तीन शब्दांची. “हाक दिली होतीस?” वाचली. त्याबद्दल नंतर लिहिते, आत्ता रंग वाळतोय.

ताई


२० फेब्रुवारी, सकाळ

भुश्या,

रंग केव्हाच वाळला. मी काल खोटं लिहिलं.

नाही. हाक दिली नव्हती.

हे चार शब्द लिहायला मला नऊ वर्षं लागली आणि आज सकाळपासून तीन कागद. आता सगळं लिहिते, मधेच थांबले तर पुन्हा जमायचं नाही.

त्या दिवशी मी ते वाडगं काढलं होतं. पातळ काठाचं. तुला आठवत असेल, नसेलही, तुला त्या दिवसाचं दुसरंच आठवत असणार. मी महिनाभर प्रयत्न करत होते आणि प्रत्येक वाडगं फुटत होतं. त्या दिवशी फुटलं नाही. उजेडात धरलं तर काठातून उजेड दिसत होता. मला इतका आनंद झाला की काय करू आणि काय नको. बाबा बाहेरून यायच्या आत त्याला फिरत्या लेथवर एक शेवटचा फडका मारायचा आणि त्यांच्या पुढ्यात ठेवायचं, एवढंच डोक्यात होतं. तू म्हणतोस तसं, मला आनंद झाला की मी आंधळी होते. तू लहानपणापासून म्हणतोस. तुझा पट्टा निसटला होता आणि तू तो चाकावर चढवत होतास, हे मी बघितलं होतं. दोन मिनिटांपूर्वी बघितलं होतं! आणि विसरले, आणि बटण दाबलं.

रागाने नाही. तू त्या वेळी म्हणालास की बाबा मोठा लेथ तुला देणार होते म्हणून मी रागात होते. ते खरं नाही. मी आनंदात होते. ते मला जास्त वाईट वाटतं.

मग बाबा पळत आले. तुझ्याकडे बघितलं, डावा हात फडक्यात गुंडाळला, आणि माझ्याकडे वळून एकच विचारलं. तू जे विचारलंस तेच. मी म्हटलं, हो. आणि मग पुढचं मी आपण होऊन म्हटलं, ते कुणी विचारलंही नव्हतं. “आणि हा ‘वर’ म्हणाला.”

पहिलं खोटं भीतीने तोंडातून गेलं असेल. दुसरं मी रचलं. तू तिथे पडला होतास आणि ऐकत होतास.

दवाखान्यात तू सांगितलंस की तिने विचारलंच नाही. तेव्हा मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं की भावाने आळ घेतला म्हणून रडते. मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग आठवड्याने सांगू म्हटलं. मग तू गेलास, आणि तू नाहीस तर आता कुणाला सांगायचं असं म्हटलं. मग बाबा गेले. बाबा जाताना तुझ्याबद्दल काय म्हणाले ते तुला नको सांगायला. ते त्यांना जे माहीत होतं त्यावरून म्हणाले आणि त्यांना जे माहीत होतं ते मी सांगितलेलं होतं.

तुझं काहीही चुकलं नव्हतं. तू “वर” म्हटलं नव्हतंस. तुला कुणी विचारलंच नव्हतं.

स्प्रिंगा नाही केल्यास तरी चालेल. मी पलीकडच्याकडून घेईन.

ताई


४ मार्च, दुपार

भुश्या,

हे कुरिअरने पाठवतेय. उद्या तुला मिळेल असं त्याने शपथेवर सांगितलंय. मिळाल्यावर लगेच वाच, कामात असलास तरी वाच, तार मशीनमध्ये असली तर मशीन बंद करून वाच.

तुझी दुसरी चिठ्ठी शुक्रवारी आली. मी ती इतक्या वेळा वाचलीय की पाठ झाली. “हे मला कशाला सांगतेस? मी तिथेच होतो. स्प्रिंगा तयार आहेत. पार्सलने वाकतील, सळईवर ओवल्या आहेत, कुणीतरी येऊन हातात धरून घेऊन जा.”

वाचून आधी मला राग आला, तुला खोटं कशाला सांगू. नऊ वर्षांचं ओझं मी उतरवून तुझ्या दारात ठेवलं आणि हा म्हणतो, कशाला सांगतेस! दुपारपर्यंत मी तणतणत होते. दोन नायट्रोजन चुकीचे भोकले. आणि मग भोक पाडता पाडता माझी ट्यूब पेटली. तुला सगळं माहीतच होतं. तुला सांगून मी काय मोठा तीर मारला? तुला सांगायला मला काही मोजावं लागलं नाही, तू तर आधीच बोलत नव्हतास. ज्या माणसाला सांगितल्याने माझं काही जाईल ते माणूस माझ्या शेजारी बसून कार्बन रंगवत होतं.

मी मोटर बंद केली आणि आईला सांगितलं.

बसून वगैरे नाही, उभ्यानेच. भराभर सांगितलं, तुला लिहिलं तसंच, वाडग्यापासून. तिच्या हातात काडीवर टोचलेला चेंडू होता, अर्धा काळा झालेला. तिने मान वर केली नाही. माझं संपल्यावर तिने तो चेंडू पूर्ण रंगवला, सगळीकडून, वाळवायच्या फळीवर ठेवला, हात पुसले. मग म्हणाली, “नऊ वर्षं तू माझ्या शेजारी बसून जेवलीस.”

एवढंच. आणि आत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक केला, ताट वाढलं, स्वतःचं ताट घेऊन बाहेर बसली. रंग द्यायला आली नाही. मी तिच्या मागे मागे हिंडले, सॉरी म्हटलं, रडले, एकदा चिडलेसुद्धा, की बोल ना, शिव्या दे! तिने शिव्या दिल्या नाहीत. तिच्या शिव्या तुला माहीत आहेत, त्यांची किती आठवण आली म्हणून सांगू. मला वाटलं तू गेलास तशी आता हीही गेली, घरातल्या घरात.

आज सकाळी उठून बघते तर निळी साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन दारात उभी. म्हणाली, “स्प्रिंगा कुठून आणायच्या आहेत? पत्ता दे.”

मी म्हटलं, आई, सहा तासांचा प्रवास आहे, तुझे गुडघे, मी जाते ना. आधी मीच जायला हवं. पाया पडते पण तू नको.

“तू नाही जायचंस.”

“अगं पण खोटं मी बोलले, तू कशाला...”

“तू बोललीस, ते तुझं. ‘बहिणीवर आळ घेणारा मुलगा मला नको’, हे कोण बोललं? तू? ते मी बोलले. माझ्या तोंडाने. त्याच्या तोंडावर. तुला कुणी सांगितलं होतं तसं म्हण म्हणून?” आणि मग एकदम, नेहमीच्या आवाजात, “आणि ते निळे चेंडू उन्हात ठेवू नकोस, फुगे येतात रंगाला. दहा वेळा सांगितलंय.”

माझ्याशी बोलली! शिवीसारखं का असेना, बोलली! मी तिथेच भुशात बसले आणि हसायला लागले, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी परत उठले.

तर ती येतेय. आजच निघणार होती, पण बसमध्ये जागा परवाची मिळाली, सहा तारखेची. बस सव्वातीनला तुझ्या गावच्या स्टँडवर पोहोचते. मी तिला खिडकीची जागा काढून दिलीय, पुढून तिसरी रांग. तिला मागच्या दाराने उतरवू नका असं कंडक्टरला सांगणार आहे. तू वीस मिनिटं आधीच जाऊन उभा राहा. ती तुला ओळखेलच, पण तू तिला बघून दचकू नकोस, केस सगळे पांढरे झालेत आणि उंचीने चार बोटं कमी झालीय. तिला एकदम काही विचारू नकोस. माझ्याबद्दल तर नकोच. आधी पाणी दे, मग जेवायला घाल. ती भूक नाही म्हणेल, ऐकू नकोस. किती दिवस राहणार ते तिने मला सांगितलेलं नाही. मी विचारायची हिंमत केली नाही. पंधरा तारखेच्या आत स्प्रिंगा इथे लागतात, पण त्यासाठी तिला घाई करू नकोस. नाहीच आल्या वेळेत तर मी बाईंना सांगेन. साठ शाळांना दुहेरी बंध थोडे दिवस उशिरा कळला तर जग बुडणार नाही.

मी तुझ्याकडून काहीही मागत नाही. पत्र नको, चिठ्ठी नको, माफी तर अजिबातच नको. सकाळपासून मी चहा पिऊन, फेऱ्या मारून, शंभर हायड्रोजन भोकून बघितलं, तरी चैन पडत नाही. नऊ वर्षांनी तुम्ही दोघं एका ठिकाणी उभे असणार, आणि मधे माझं खोटं नसणार. मला ते इथे बसूनही दिसतंय.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे, आणि ही ती मला म्हणाली, मी आगाऊपणाने लिहीत नाहीये. मघाशी पिशवीत औषधं भरता भरता म्हणाली. दवाखान्यात तुझा हात बांधलेला होता. पट्टी सुटायच्या आत तू घर सोडलंस. बाबा गेले तेव्हा आलास, पण तासभर तो हात खिशात घालून दाराशी उभा होतास, आणि तिने मुद्दाम तुझ्याकडे बघितलं नाही. तिने तो आजपर्यंत एकदाही बघितलेला नाही, भुश्या. तिच्या मुलाचा हात तिला माहीत नाही.

ती त्यासाठी येतेय. स्प्रिंगा नुसतं सांगायला आहेत.

ती बसमधून उतरायला हात पुढे करेल, तेव्हा डावा दे.

ताई